मराठी तीस, इंग्रजी चाळीस : तालुक्याच्या टायपिंग क्लासची वाटचाल

परभणीहून पाथरीच्या रस्त्याला लागलं की मानवत येतं. रेल्वेने आलात तर ‘मानवत रोड’ला उतरायचं, स्टेशनाच्या नावात ‘रोड’ आहे म्हणजे गाव अजून पुढे आहे, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. कापसाचं गाव, मोंढ्याचं गाव आणि तालुक्याचं गाव. अशा गावात तहसील असते, नगरपरिषद असते, आडत असते. आणि एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, अरुंद जिन्याच्या तोंडाशी, ‘शासनमान्य टंकलेखन संस्था’ अशी पाटी असते. तिला पूर्ण नावाने कुणी हाक मारत नाही. गावासाठी तो ‘टायपिंगचा क्लास’.

संस्थेची वाटचाल लिहायची तर संस्थापकांचा फोटो, पहिली इमारत, रौप्यमहोत्सव अशा पायऱ्या ठरलेल्या असतात. पुढची हकीकत एका पाटीखालच्या एका संस्थेची नाही. मानवतसारख्या तालुक्याच्या गावांत जी जात नांदली, त्या टायपिंग क्लासची ही वाटचाल आहे. या क्लासने कवी घडवले नाहीत की पुढारी. त्याने मराठी लिहिणारी बोटं घडवली, आणि कागदावरची राजभाषा त्या बोटांवर चालली.

आधीचं दप्तर

क्लास यायच्या आधी मानवतच्या दप्तराची लिपी कुठली होती, हे आधी पाहायला हवं. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. घरातली भाषा मराठी, सावकाराच्या वहीत बहुधा मोडी, कचेरीत उर्दू. उजवीकडून डावीकडे जाणारा कागद कचेरीत आणि डावीकडून उजवीकडे जाणारी पाटी शाळेत, असा तो काळ. अर्ज लिहून देणारा ‘अर्जनवीस’ हा म्हणूनच गावातला महत्त्वाचा माणूस. ज्याला कचेरीची लिपी येत नव्हती, त्याचं गाऱ्हाणं अर्जनविसाच्या बोरूतून जाई.

१७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. बारा वर्षांत एका गावाने तीन राज्यांचे शिक्के पाहिले. महाराष्ट्र होताच, ६ जुलै १९६०ला, भाषा संचालनालय उभं राहिलं. मग महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ आला आणि १९६५पासून कारभाराची भाषा मराठी झाली.

कायदा झाला, पण कागद कोण लिहिणार? पत्रं, नोटिसा, परिपत्रकं, जाहीरनामे मराठीत निघायचे तर प्रत्येक कचेरीत मराठी टंकयंत्र हवं आणि त्यावर बसणारा माणूस हवा. लिपिकाच्या जागेसाठी अट ठरली : मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द. या एका ओळीने तालुक्या-तालुक्यात क्लास उघडले. पोराचं लग्न ठरवताना ‘टायपिंग झालंय का?’ असं विचारणारी माणसं मराठवाड्यात होती आणि ‘मराठी तीस, इंग्रजी चाळीस’ हे त्याचं पुरेसं उत्तर होतं. त्यात शेती किती हे आलं नाही तरी चालायचं. नोकरीची वाट मोकळी आहे एवढं कळायचं.

यंत्राची वर्षं

गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचं टंकयंत्र काढलं. त्यानंतर गोदरेज आणि रेमिंग्टन ही दोन नावं क्लासच्या भाषेतच मिसळून गेली. आठ-दहा यंत्रं, लाकडी बाकं, भिंतीवर कळफलकाचा मोठा तक्ता. नव्या पोराने कळांकडे पाहू नये म्हणून कुठे कळांवर कागद चिकटवलेला, कुठे हातावर रुमाल. तासाभराची बॅच. सकाळी सहाला पहिली, रात्री आठला शेवटची. मोंढ्यात हमाली करून आलेला मुलगा आणि कॉलेजची मुलगी एकाच बाकावर बसत, कारण यंत्र दोघांनाही सारखंच जड असे.

गावात पावसाळ्यात वीज गेली तरी क्लास बंद पडत नसे. कंदिलाच्या उजेडात यंत्रं खडखडत राहायची. ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि डावा हात कॅरेज ओढायचा. आठ यंत्रांच्या आठ घंट्या वेगवेगळ्या वेळी वाजत. कुणाची लवकर वाजली म्हणजे त्याचा स्पीड वाढला, हे खालच्या दुकानदारालाही समजायचं. रिबन अर्धी काळी, अर्धी लाल. कार्बन घातला की तीन प्रती. स्टेन्सिल कापायची असली की रिबन बाजूला करून अक्षरांचे ठसे नुसते मेणकागदात उमटवायचे. मग सायक्लोस्टाइलवर शंभर प्रती. निवडणुकीची पत्रकं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा याच वाटेने निघत.

परीक्षा घ्यायची पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने. प्रमाणपत्राचं नाव ‘शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र’; पोरांच्या तोंडी ती ‘तीसची’ नि ‘चाळीसची’. परीक्षेच्या आदल्या दिवशी यंत्रं गोधड्यांत बांधून टेम्पोत चढायची, कारण आपल्या हाताच्या सवयीचं यंत्र केंद्रावर हवं. एका यंत्राची ‘र’ची कळ अडखळते, दुसऱ्याची स्पेसबार हलकी आहे, हे बोटांना ठाऊक असे. परक्या यंत्रावर पोराची तीसची पंचवीस होई.

चार काने

देवनागरी यंत्रावर बसवणं हा मुळात मोठा उद्योग होता. इंग्रजीची सव्वीस अक्षरं, मोठी-लहान मिळून बावन्न. नागरीत स्वर, व्यंजनं, काने-मात्रा, जोडाक्षरं, रफार, अनुस्वार हे सगळं त्याच पंचेचाळीसेक कळांत बसवायचं. कळफलक बनवणाऱ्यांनी यावर जो तोडगा काढला, तो सुताराचा होता : अक्षर अख्खं ठेवायचं नाही, त्याचे सुटे भाग ठेवायचे. ज्या अक्षरांना उजवीकडे उभा दंड आहे त्यांचं अर्धं रूप कळेवर, आणि दंड म्हणून काना वेगळा. अर्ध्या ‘श्’ला काना जोडला की ‘श’. जोडाक्षरात तोच अर्धा ‘श्’ तसाच वापरायचा. एका दगडात दोन पक्षी.

यातून गंमत होते. रेमिंग्टनच्या प्रचलित नागरी मांडणीत ‘भाषा’ हा शब्द लिहायचा तर अर्धा ‘भ्’, काना, पुन्हा काना, अर्धा ‘ष्’, काना, पुन्हा काना. दोन अक्षरांच्या ‘भाषे’त चार काने! पहिला काना अक्षर पुरं करतो, दुसरा त्याला ‘आ’ देतो. नवा विद्यार्थी इथेच चुकतो आणि त्याच्या कागदावर ‘भषा’ उमटते.

दुसरी खुबी ऱ्हस्व वेलांटीची. ती अक्षराच्या डावीकडे बसते, म्हणून यंत्रावर ती आधी दाबायची. ‘किती’साठी वेलांटी, क, त, मग दीर्घ वेलांटी. आपण पाटीवर लिहिताना हातही असाच चालतो : आधी दंड, मग अक्षर. टंकयंत्राने हाताची सवय उचलली. उच्चारात ‘इ’ नंतर येते याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. कागदावर काय कुठे बसतं एवढंच त्याला दिसत होतं. क्लासमध्ये शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या बोटांत म्हणून हाताची मराठी भरली गेली, तोंडाची नव्हे. पुढचा सगळा गुंता इथून सुरू झाला.

तोंडाची मांडणी

१९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक प्रमाणित केला. त्यामागे आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकात झालेलं काम होतं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि हे काम तिथल्या ‘जिस्ट’ गटाकडे आलं. संकेतांसाठी ‘इस्की’ हे मानक ठरलं. १९९१ साली त्याला भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का मिळाला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातला देवनागरीचा विभाग ‘इस्की’च्या १९८८च्या आराखड्यावरच बेतलेला होता. म्हणजे आज जगभर मराठी ज्या संकेतांत साठवली जाते, त्यांची मुळं कानपूर-पुण्याच्या वाटेवर सापडतात.

इनस्क्रिप्टची मांडणी पाहिली की वर्णमाला शिकवणाऱ्या गुरुजींची आठवण होते. डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे व्यंजनं. अल्पप्राण साध्या कळेवर, त्याचा महाप्राण त्याच कळेवर शिफ्ट दाबून : क-ख, ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. इथे काना जोडून अक्षर पुरं करायची भानगड नाही. ‘भाषा’ चार ठोक्यांत : भ, काना, ष, काना. ‘किती’ला क आधी, वेलांटी नंतर, जसं बोलतो तसं. इंग्रजी कळांच्या भाषेत सांगायचं तर के, एफ, एल, आर. आणि ‘मानवत’ हे नाव तर इनस्क्रिप्टला सोपं जाणाऱ्या शब्दांतलं : सी, ई, व्ही, बी, एल. पाच कळा, एकदाही शिफ्ट नाही. शेजारच्या ‘परभणी’ला मात्र शिफ्ट दोनदा लागते, ‘भ’ला आणि ‘ण’ला.

इतकी सुबक मांडणी हाताशी असून क्लासने ती उचलली नाही. कारण सोपं होतं. परीक्षा जुन्या मांडणीची, शिकवणारे सर जुन्या मांडणीचे, कचेरीतला लिपिकही जुन्या मांडणीचा. त्याच्या टेबलावर संगणक आला तेव्हा त्याने पहिली मागणी केली ती ‘आमचा टायपिंगचा बोर्ड द्या’ अशी. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ती पुरवली. सी-डॅकच्या ‘आयएसएम’मध्ये, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’मध्ये आणि ‘आकृती’मध्ये टंकयंत्राची मांडणी निवडायची सोय राहिली. यंत्र गेलं, बोटं तीच राहिली.

फाँटांचा बाजार

नव्वदच्या दशकात क्लासच्या शेजारी डीटीपीचं दुकान उघडलं. लग्नपत्रिका, दुकानाचे बोर्ड, ग्रामपंचायतीची निविदा, सगळं तिथे. ‘सुरेख’, ‘योगेश’ अशा नावांचे फाँट आले. मराठी पहिल्यांदा ठळक, तिरकी, नक्षीदार झाली. पण यातला प्रत्येक फाँट आपल्यापुरता होता. इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर नागरीचे तुकडे चिकटवलेले, आणि ते प्रत्येक कंपनीने आपापल्या रीतीने. हिंदीतल्या ‘कृतिदेव’ फाँटात लिहिलेलं ‘मानवत’ तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडलं तर पडद्यावर ई, के, यू, ओ, आर अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. मजकूर पाठवायचा तर सोबत फाँटही पाठवायचा. समोरच्याकडे नसेल तर अख्खं निवेदन म्हणजे पेंढा. या पेंढ्याचा अनुभव कचेरीत काम केलेल्या प्रत्येकाच्या गाठीशी आहे, तालुक्याहून जिल्ह्याला फ्लॉपी न्यायची आणि तिथे मराठी ‘फुटायची’.

विंडोज २००० पासून संगणकाला युनिकोड मराठी समजू लागली आणि ‘मंगल’ फाँट घरोघर पोहोचला. विंडोज एक्सपीत ही सोय मुद्दाम सुरू करावी लागे. ते माहीत नसल्यामुळे पुष्कळ कचेऱ्यांत वर्षानुवर्षं ‘मराठी चालत नाही’ हे वाक्य चाललं. एव्हाना एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला होता आणि टायपिंगच्या पाटीशेजारी संगणकाची पाटी लागली होती.

अडलेली अक्षरं

कळफलक मुळात दुसऱ्या भाषेसाठी बेतलेला असला की आपली खास अक्षरं आधी अडतात. युक्रेनियन लोकांना हे चांगलं ठाऊक आहे. लिपी रशियनसारखीच सिरिलिक, पण युक्रेनियनची ‘इ’, ‘यि’, ‘ये’ आणि ठसठशीत ‘ग’ ही चार अक्षरं रशियन कळफलकावर नाहीत. पहिल्या तिघांना युक्रेनियन मांडणीत रशियनच्या तीन अक्षरांच्या जागा मिळाल्या. ‘ग’चं नशीब वाईट. १९३३ साली सोव्हिएत राजवटीत शुद्धलेखनाचे नियम बदलले तेव्हा हे अक्षर वर्णमालेतूनच काढलं गेलं आणि १९९०मध्ये परत आलं. विंडोजच्या नेहमीच्या युक्रेनियन मांडणीत ते लिहायला उजवी आल्ट धरून ‘ह’ची कळ दाबावी लागते. अक्षर परत आलं, पण त्याला हक्काची कळ मिळाली नाही.

मराठीची अडलेली अक्षरंही अशीच ओळखीची. ‘ळ’ हिंदीच्या रोजच्या लेखनात नाही. इनस्क्रिप्टमध्ये ‘ल’च्या कळेवर शिफ्ट धरून तो मिळतो. बॅटसारख्या शब्दांनी आणलेला चंद्र मराठीने ‘अ’वर ठेवला, हिंदीने ‘ए’वर. त्यामुळे मराठी ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःचा संकेत २००८ साली, ५.१ आवृत्तीत मिळाला. तोवर ‘ॲड्.’ अशी पाटी असलेल्या वकिलांची नावं संगणकावर हिंदी वळणाने लिहिली जात.

आणि ‘ऱ्’. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत एका चिन्हाचा फरक. रफार चुकला की लग्नातलं स्वयंपाकघर शंकराचार्यांच्या हाती जातं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या घळी. मराठवाड्यातल्या माणसाला समुद्र दूर असेल, पण वाऱ्यावर, शेतकऱ्यांना, अधिकाऱ्यांनी हे शब्द दर दुसऱ्या अर्जात लागतात. इनस्क्रिप्टमध्ये ‘र’च्या कळेवर शिफ्ट धरून ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ दाबलं की तो जुना आडवा ‘ऱ्’ उमटतो. हे तीन ठोके ज्याला माहीत नाहीत तो ‘शेतकर्यांना’ लिहितो, आणि वाचणारा ते चालवून घेतो. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची रूपं ठरवून दिली. देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ मराठीचे म्हणून नोंदवले. क्लासच्या भिंतीवरचा तक्ता मात्र अजून जुन्या यंत्राचाच होता.

खडखड थांबली

२०१० नंतरच्या दशकात यंत्रावरची परीक्षा टप्प्याटप्प्याने बंद होऊन संगणक टंकलेखनाची परीक्षा आली. गोदरेजने त्याआधीच टंकयंत्रं बनवणं थांबवलं होतं. क्लासांपुढे मोठा प्रश्न आला. यंत्रांना कुणी वाली नव्हता, लोखंडाच्या भावाने ती भंगारात गेली. आणि संगणकांसाठी कर्ज काढावं लागलं. वीज गेली तरी चालणारा क्लास आता वीज गेली की बंद पडू लागला. इन्व्हर्टर हा नवा खर्च झाला. काही पाट्या उतरल्या. ज्या टिकल्या त्यांनी नवा अभ्यासक्रम धरला : नुसता स्पीडचा उतारा नाही, तर पत्र, तक्ता, ई-मेल, संगणकाची तोंडओळख. खडखडीच्या जागी कळांची पुटपुट आली. घंटी गेल्यामुळे कुणाचा वेग वाढला ते खालच्या दुकानदाराला कळेनासं झालं.

मराठीची मांडणी मात्र बहुतेक क्लासांत रेमिंग्टनचीच राहिली. त्यामुळे आज एक अजब दृश्य दिसतं. क्लासमधली मुलगी तासभर संगणकावर वेलांटी आधी दाबते, ‘भाषे’ला चार काने देते, आणि जिना उतरताच मोबाइलवर मैत्रिणीला इंग्रजी अक्षरांतून उच्चार टंकून मराठी लिहिते. दोन मराठी तिच्या बोटांत शेजारी राहतात, एक नोकरीची, एक बोलण्याची. मोबाइलला तर आता बोलूनही लिहिता येतं. ‘मग क्लास कशाला?’ हा प्रश्न टायपिंगच्या सरांना गेली तीस वर्षं विचारला जातोय. डीटीपी आलं तेव्हा, मोबाइल आला तेव्हा आणि आता. जाहिरातीत ‘मराठी ३०, इंग्रजी ४०’ ही अट आहे तोवर त्यांना उत्तर शोधावं लागत नाही.

दप्तर पुन्हा उघडलं

२०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. शेतकऱ्याच्या नावातली वेलांटी संगणकावर चुकली की ती दुरुस्त करायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात, हे गावोगाव लोकांनी अनुभवलं. टंकणाऱ्याच्या एका ठोक्याला एवढी किंमत आधी कधी नव्हती. कार्बनच्या प्रतीतली चूक एका कागदापुरती असे, ही चूक प्रत्येक उताऱ्यात पुन्हा छापली जाते.

मग २०२३मध्ये आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरं बाहेर निघाली. उर्दूतली, मोडीतली. ती वाचणारी माणसं शोधावी लागली. क्लासच्या जन्माआधीची मानवतची कचेरी अशी पुन्हा समोर आली. तीत एकही टंकलेला कागद नसला तरी कुणाच्या नावापुढे काय लिहिलं यावर आजच्या पोरांचं शिक्षण आणि नोकरी ठरणार होती. योगायोग असा की ज्या मोडीला टंकयंत्र कधी नीट मिळालं नाही, तिला २०१४ साली, ७.० आवृत्तीत, युनिकोडमध्ये स्वतःचे संकेत मिळाले आहेत. वाचलेली नोंद आता मोडीतच टंकून ठेवता येते. तिच्यासाठी मात्र अजून कुठल्या जिन्यावर पाटी लागलेली नाही.

क्लासने या सगळ्या वर्षांत शिकवलं ते एकच : बोटांकडे पाहायचं नाही, समोरच्या कागदाकडे पाहायचं. यंत्रावर हे शिकवण्यासाठी हातावर रुमाल टाकत. संगणकाच्या कळांवर आता नागरी अक्षरं छापलेलीच नसतात, त्यामुळे रुमालाची गरज उरली नाही. सर अजूनही बाकाशेजारून फिरतात आणि मान खाली गेली की म्हणतात, ‘वर बघ, कागदावर बघ.’ समोर उतारा असतो, त्यात कुणाचं तरी नाव असतं.